मोजमाप पुस्तकात न सापडणारी सुरक्षा

पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यांत चार लहान मुले होती. ही माणसे त्या वेळी कामावर नव्हती, दिवसभर राबून झोपली होती. शहापूर तालुक्यात सरलांबे येथे ३१ जुलै-१ ऑगस्ट २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र गर्डरसकट खाली आले, त्यात २० जणांचा बळी गेला. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी ठाण्यात बाळकुमला ४० मजली इमारतीवरचे काम आटोपून खाली येणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळून सात जण ठार झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोसरीतल्या एका लेबर कॅम्पमधली पाण्याची टाकी फुटली आणि तिच्याजवळ आंघोळ करणारे पाच कामगार दगावले. प्रत्येक वेळी पुढचा क्रम ठरलेला: ठेकेदारावर गुन्हा, चौकशीची घोषणा, वारसांना मदत आणि मग ‘कामगारांना सुरक्षा साधने दिली होती का’ हा प्रश्न. या ४७ जणांपैकी हेल्मेट घातल्यामुळे कोण वाचले असते? बहुधा कोणीच नाही. भिंतीच्या पायथ्याशी खोल्या बांधायच्या की नाहीत, लिफ्टची तपासणी कोणी आणि किती दिवसांनी करायची, टाकी कोणत्या मापाने उभी करायची, हे ठरवणारी माणसे वेगळी होती. ती ठरवाठरवही कामगार साइटवर येण्याच्या कितीतरी आधी झालेली होती. बांधकामावरची सुरक्षा कामगाराच्या डोक्यावर शोधण्याची सवय आपण सोडली पाहिजे. ती नकाशात, निविदेत आणि बिलात शोधायला हवी, आणि तिथे ती आज जवळपास नसतेच.

धोका टाळण्याच्या उपायांना एक क्रम असतो आणि जगभरचे सुरक्षातज्ज्ञ त्याबाबत एकमताने बोलतात. आधी धोकाच काढून टाकायचा. तो निघत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी आडवे उभे करायचे: कठडा, जाळी, झाकण. तेही जमत नसेल तर कामाची वेळ, पद्धत, देखरेख बदलायची. हेल्मेट, पट्टा, हातमोजे ही सगळ्यात शेवटची पायरी, कारण वरचे सगळे फसल्यावर उरलेला मार एका माणसाच्या अंगावर कमी बसावा, एवढेच त्यांचे काम. आपल्याकडे ही शेवटची पायरीच पहिली आणि एकमेव होऊन बसली आहे. शिवाय ती तरी धड चालते का? उंचीवर काम करणाऱ्याला पट्टा दिला, तर त्याचा हुक कशात अडकवायचा? बांबूच्या परांचीला अडकवला तर माणसाबरोबर परांचीही खाली येईल. सेंट्रिंगच्या पाइपाला अडकवला तरी तेच. माणूस पडताना बसणारा झटका सोसेल असा आधार लागतो. तो कॉलममध्ये किंवा बीममध्ये आधीच बसवून ठेवावा लागतो, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये तो असावा लागतो. त्या ड्रॉइंगमध्ये सळईचा प्रत्येक वाक दाखवलेला असतो. हुकाची जागा मात्र सहसा नसते. मग गया किंवा नांदेडहून आलेल्या पोराला मुकादम पट्टा बांधायला लावतो आणि तो पट्टा नुसता कंबरेला लोंबकळत राहतो. तपासणीच्या कागदावर मात्र ‘पट्टा दिला’ या रकान्यात बरोबरची खूण झालेली असते.

असे का होते याचे उत्तर व्यवहारात आहे. सरकारी काम सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला मिळते. अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ गेलेल्या निविदा आपल्याकडे नवलाच्या राहिलेल्या नाहीत. फारच कमी दर भरला तर ठेकेदाराकडून जादा अनामत घेतली जाते, कारण काम निकृष्ट होईल अशी भीती असते. कमी दरात माणसे मरतील, ही भीती मात्र त्या तरतुदीमागे दिसत नाही. निविदेतल्या कामाच्या यादीत खोदाई असते, काँक्रीट असते, सळई असते, प्लास्टर असते. प्रत्येकाचे परिमाण आणि दर असतात. सुरक्षा मात्र अटींच्या जाडजूड पुस्तकात एका परिच्छेदात असते: ठेकेदाराने सर्व आवश्यक खबरदारी स्वखर्चाने घ्यावी. या ‘स्वखर्चाने’मध्येच सगळी मेख आहे. ज्याने कठडे, जाळ्या, चांगली परांची आणि सुरक्षा अधिकारी यांचा खर्च प्रामाणिकपणे दरात धरला, त्याची निविदा महाग होते आणि काम दुसऱ्याला जाते. म्हणजे आपली पद्धत बेफिकिरीला बक्षीस देते. पुढे मुख्य ठेकेदाराकडून पोटठेकेदार, त्याच्याकडून लेबर ठेकेदार, त्याच्याकडून मुकादम अशी उतरंड लागते आणि प्रत्येक पायरीवर दर कातरला जातो. शेवटी सेंट्रिंगची टोळी चौरस फुटावर, सळईवाला टनावर आणि वीटकामवाला ब्रासवर काम अंगावर घेतो. परांची नीट बांधायला अर्धा दिवस लागला तर त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोणीच देत नाही. उरकण्याची घाई त्या दरातच ठरलेली असते, आणि अपघात झाला की तिलाच आपण कामगाराचा हलगर्जीपणा म्हणतो.

सार्वजनिक बांधकामावर मोजमाप पुस्तक नावाची एक जबरदस्त गोष्ट असते. कनिष्ठ अभियंता त्यात लांबी, रुंदी, खोली लिहितो, उपअभियंता तपासतो आणि त्यावरच ठेकेदाराचे रनिंग बिल निघते. त्यात जे आले ते साइटवर असावे लागते. जे त्यात येत नाही त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. सुरक्षेला या पुस्तकात जागा द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. कठड्याचे मीटर, जाळीचे चौरस मीटर, सुरक्षा अधिकाऱ्याचे महिने, लिफ्टच्या तपासण्या, कामगारांच्या प्रशिक्षणाचे तास, लेबर कॅम्पमधली शौचालये, या सगळ्या बाबी यादीत स्वतंत्रपणे याव्यात. त्यांचे दर मालकाने, म्हणजे सरकारने, आधीच निश्चित करून छापावेत आणि त्यांत कोणालाही बिलो जाता येऊ नये. काम झाले तर पैसे मिळतील, नाही झाले तर कापले जातील. हाँगकाँगने सरकारी कामांसाठी १९९६ मध्ये नेमके हेच सुरू केले. कंत्राटाच्या रकमेच्या सुमारे दोन टक्के भाग सुरक्षेच्या बाबींसाठी बाजूला काढला, त्याला स्पर्धेच्या बाहेर ठेवले आणि केलेल्या कामापुरतेच पैसे दिले. तिथल्या सरकारी कामांवरचे अपघातांचे प्रमाण एकूण बांधकाम क्षेत्राच्या तुलनेत बरेच खाली राहिले. सगळे श्रेय या एका योजनेला देता येणार नाही, प्रशिक्षण आणि खटलेही बरोबरीने चालू होते. पण ठेकेदाराच्या हिशेबात सुरक्षा तोट्याच्या रकान्यातून निघाली, हे महत्त्वाचे. ब्रिटनने १९९४ च्या नियमांनी वेगळ्या टोकाने सुरुवात केली. त्यांनी काम देणाऱ्या मालकावर आणि नकाशा काढणाऱ्यावरच कायदेशीर जबाबदारी टाकली. इमारत बांधताना, वापरताना आणि पाडताना कोणते धोके येतील, ते आराखड्यातच कमी करणे हे त्यांचे कर्तव्य झाले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकची प्रचंड बांधकामे एकाही कामगाराचा अपघाती मृत्यू न होता पूर्ण झाली.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: साधने दिली तरी आपले कामगार वापरत नाहीत, त्यांची मानसिकताच तशी. हा आक्षेप खोटा आहे असे म्हणणार नाही. पट्टा बाजूला फेकून उघड्या बीमवरून चालणारा माणूस कोणत्याही शहरात दिसतो. पण पुण्या-मुंबईत मेट्रोच्या कामाकडे बघा आणि तिथून दोनशे मीटरवर चालू असलेल्या चार मजली इमारतीकडे बघा. मेट्रोवर हेल्मेट, जॅकेट, बूट, बॅरिकेड, इशारा देणारा माणूस असे बरेच काही दिसते. समोरच्या इमारतीवर चपला आणि डोक्याला गुंडाळलेला गमछा. दोन्हीकडचे कामगार त्याच जिल्ह्यांतून, त्याच ठेकेदारांच्या साखळीतून आलेले असतात. आज इकडे तर पुढच्या महिन्यात तिकडे. मानसिकता दोनशे मीटरवर बदलत नाही. बदलते ते कंत्राट. मेट्रोच्या कंत्राटांत सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरणाच्या अटी तपशिलाने लिहिलेल्या असतात, त्यासाठी माणसे नेमावी लागतात आणि कामात कसूर झाल्यास दंड बसतो. तिथेही अपघात होतात, हे खरे. समृद्धी हा तर सरकारचाच मानाचा प्रकल्प होता, तरी सरलांबे घडले. म्हणजे नुसत्या अटी लिहून भागत नाही, हे दोन्ही उदाहरणांतून कळते. पण अटच नाही तिथे काय होते, हे कळायला समोरची इमारत पुरेशी आहे. (साहेबांच्या भेटीच्या दिवशी त्याही इमारतीवर कोरी पिवळी हेल्मेटे उगवतात, हे जाता जाता.)

दुसरा आक्षेप खर्चाचा. घरे आधीच परवडत नाहीत, त्यांत ही भर कशाला? आकडे मांडून बघू. समजा बांधकामाचा खर्च चौरस फुटाला ३,००० रुपये आहे आणि त्यावर दोन टक्के सुरक्षेसाठी ठेवले, तर चौरस फुटाला ६० रुपये होतात. ७०० चौरस फुटांच्या घराला ४२,००० रुपये. हेच घर १०,००० रुपये दराने ७० लाखांना विकले जात असेल, तर किमतीत वाढ होते ०.६ टक्के. पुण्यात याच घरावर अधिभारांसह सात टक्के मुद्रांक शुल्क भरावे लागते, म्हणजे ४ लाख ९० हजार. जमिनीचे भाव, चटईक्षेत्राचे व्यवहार आणि परवानग्यांना लागणारा विलंब यांनी घर महाग होते तेव्हा आपण सुस्कारा टाकून पैसे भरतो, आणि कठड्यांचे ४२ हजार मात्र परवडत नाहीत! शिवाय अपघातही फुकट नसतो. काम बंद पडते, परवानगी स्थगित होते, वकील लागतात, टोळ्या साइट सोडून जातात. पण हे सांगून फार पटवता येत नाही, हेही खरे. कारण अपघाताचा बराचसा खर्च बिल्डरच्या नाही, तर मृताच्या कुटुंबाच्या खात्यावर पडतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात मृत्यूची रक्कम काढताना महिन्याची मजुरी कितीही असो, २०२० पासून ती जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरली जाते. तिशीतला कुशल मिस्त्री गेला तर या सूत्राने हाती येतात साडेपंधरा लाखांच्या आसपास, तेही तो त्या ठेकेदाराकडे कामाला होता हे सिद्ध करता आले तर. हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाची विधवा झारखंडमधल्या गावातून हे कसे सिद्ध करणार? घर घेणाऱ्याला रेरा कायद्याने इमारतीच्या बांधकामदोषांबाबत पाच वर्षांचे संरक्षण दिले आहे. इमारतीच्या भेगेची काळजी कायद्याने नीट घेतली, यात गैर काही नाही. पण तीच काळजी ती भिंत बांधणाऱ्याच्या वाट्याला आली नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कायदे भरपूर आहेत, अंमलबजावणी करा, नवे काही नको. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये खास कायदा झाला. सुरक्षेचे नियम मोडल्यास त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता. दोन हजारांत एका दिवसाचे टॉवर क्रेनचे भाडेही निघत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. मालकाच्या कसुरीने मृत्यू झाल्यास आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे आणि दंडातली निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही सुधारणा आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादाही ५०० कामगारांवरून २५० वर आली. पण हजेरीपट चार पोटठेकेदारांत वाटलेला असला की २५० चा आकडा कागदावर सहज चुकवता येतो. निरीक्षकाचे नावही आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता’ झाले आहे, त्यातून सरकारचा कल कुठे आहे ते दिसते. निरीक्षकांची संख्या आणि साइटची संख्या यांचा मेळ कधीच बसलेला नाही, पुढेही बसण्याची चिन्हे नाहीत. म्हणूनच मोजमाप पुस्तकाचा आग्रह. तिथे नवा निरीक्षक लागत नाही. माप घ्यायला अभियंता रोज साइटवर असतोच.

१९९६ च्या कायद्याच्या जोडीला आलेल्या उपकराची कथा वेगळी सांगायला हवी. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी जमा होते. नकाशा मंजूर करतानाच महापालिका ती भरून घेते, म्हणजे वसुलीची यंत्रणा चोख आहे. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला, तेव्हा देशभरात ३७,४०० कोटींहून जास्त रक्कम जमा झाली होती आणि खर्च झाले होते साडेनऊ हजार कोटींच्या आसपास. त्यातलाही काही पैसा लॅपटॉप आणि वॉशिंग मशीनवर गेल्याचे न्यायालयापुढे आले होते. महाराष्ट्रात २०११ मध्ये कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. शिष्यवृत्ती, प्रसूती, आजारपण यांसाठीचे त्याचे साहाय्य अनेक कुटुंबांना उपयोगी पडले आहे आणि ते चालू राहिलेच पाहिजे. पण मंडळाची ओळख झाली ती संच वाटणारे मंडळ अशी. भांड्यांचा संच, अत्यावश्यक संच आणि हार्नेस पट्ट्यापासून मच्छरदाणीपर्यंत सगळे असलेला सुरक्षा संच. नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मिळवून देणारे दलाल आणि बोगस नोंदणीच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. आक्षेप भांड्यांना नाही. सुरक्षा साधने स्वतःच्या पैशाने पुरवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी असताना, ती पेटीत घालून कल्याण निधीतून वाटली की ती जबाबदारी हळूच सरकारी योजनेवर सरकते. पेटी घरी जाते, साइट होती तशीच राहते.

आरोग्याच्या बाबतीत संच वाटण्याची ही पद्धत आणखी तोकडी पडते, कारण तिथे अपघातासारखा आवाज होत नाही. वाळू, दगड, ग्रॅनाइट, फरशी, काँक्रीट या सगळ्यांत सिलिका असते. ग्राइंडरने कोरडी फरशी कापताना उडणाऱ्या पांढऱ्या ढगातले डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तिथे व्रण होतात. तो सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढत राहतो, आणि एक्स-रेत क्षयासारखा दिसू शकत असल्याने कामगार महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या घेत राहतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही वाढते, म्हणजे गोंधळ दुहेरी. उपाय साधा आहे: पात्यावर पाणी सोडून ओले कापणे. तो होत का नाही? पाण्याने चिखल होतो, साफसफाईला वेळ जातो, साध्या ग्राइंडरला पाण्यात शॉकची भीती असते आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर साइटवर नसतो. म्हणजे पाण्याची सोय असलेले कटर, ब्रेकर आणि साफसफाईची मजुरी, या तीन बाबींचे पैसे धरले की प्रश्न बराच सुटतो. त्याऐवजी कापडी मास्क वाटला जातो. राजस्थानात खाणी आणि दगडकामामुळे हा आजार इतका पसरला की त्या राज्याने २०१९ मध्ये त्यासाठी वेगळे धोरण आणले. ऑस्ट्रेलिया याच्या पुढे गेला. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी लागणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत सिलिकाचे प्रमाण फार असते. त्या कापणारे तरुण कारागीर आजारी पडू लागल्यावर १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांवर तिथे बंदीच घातली गेली. धोका मुळातच काढून टाकणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल. आपल्याकडे त्याच लाद्या नमुना सदनिकेत ‘प्रीमियम’ म्हणून मिरवतात. सिमेंटच्या गोणीचेही तसेच. ब्रिटनमध्ये ती २५ किलोची झाली, आपल्याकडे ५० किलोचीच आहे, आणि कंबरदुखी हा गवंड्याच्या नशिबाचा भाग मानला जातो.

उन्हाचे काय करायचे, हाही शेवटी कंत्राटाचाच प्रश्न आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी काम करू नये असा सल्ला द्यायला काही लागत नाही. रोजंदारीवरच्या माणसाची दुपार गेली की अर्धी मजुरी गेली आणि ठेकेदाराची मुदत तर पुढे सरकत नाही. कामगारांच्या वागणुकीवरून जगभर टीका झालेल्या कतारनेही २०२१ मध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरच्या कामाला बंदी घातली. पावसाळ्याचा विचार आपल्या बांधकाम वेळापत्रकात पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. उष्ण दुपारींचे तासही तसेच मुदतीत धरले आणि त्यांची भरपाई दरात ठेवली, तर सल्ल्याची गरज उरणार नाही.

एका ठिकाणी मात्र माझा युक्तिवाद लंगडा पडतो, आणि ते ठिकाण लहान नाही. आपल्याकडचे बहुसंख्य बांधकाम कामगार मेट्रोवर किंवा चाळीस मजली टॉवरवर नसतात. ते तालुक्याच्या गावी बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर, शाळेच्या वाढीव खोलीवर, नाक्यावरून दोन दिवसांसाठी उचललेल्या कामावर असतात. तिथे ना निविदा, ना मोजमाप पुस्तक. दहापेक्षा कमी कामगार असले की जुना कायदाही तिकडे फिरकत नव्हता. घरमालक शिक्षक किंवा शेतकरी असतो. त्याच्याकडून सुरक्षा आराखडा मागणे म्हणजे त्याला आणखी एका टेबलावर पैसे ठेवायला लावणे. अशा कामांसाठी संचांवरचा पैसा वेगळ्या वाटेने नेता येईल. सेंट्रिंगच्या प्लेटा, जॅक, मिक्सर आजही गावोगाव भाड्याने मिळतात; माल कोणाकडून आणायचा हे प्रत्येक ठेकेदाराला पाठ असते. मंडळाने याच भाडेवाल्यांमार्फत लोखंडी परांची, जोडता येणारे कठडे, लिफ्टच्या खड्ड्याची झाकणे आणि पाण्याचे कटर नाममात्र दराने उपलब्ध करून दिले, तर लहान कामावर ती सामग्री पोहोचण्याची शक्यता कोणत्याही निरीक्षकापेक्षा जास्त आहे. सगळे सुटेल असे नाही. पण घरी नेलेले हेल्मेट पुढच्या साइटवर येईलच असे नाही. भाड्याने आणलेला कठडा मात्र साइटवरच उभा राहतो.

राहता राहिली शंका भ्रष्टाचाराची. मोजमाप पुस्तकात खोटी मापे घालण्याची कला आपल्याकडे चांगलीच विकसित झालेली आहे. रस्त्याचे डांबर जसे कागदावर जाड असते, तसे कठडेही कागदावरच उभे राहतील, असे कोणी म्हणाले तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. फरक इतकाच की आज अपघात झाल्यावर कोणाचीही सही सापडत नाही. ‘सर्व आवश्यक खबरदारी’ कोणी घेतली नाही, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते आणि गुन्हा अखेर साइट सुपरवायझर आणि मुकादमापाशी येऊन थांबतो. नवव्या मजल्यावर १२० मीटर कठडा असल्याची नोंद करून बिल काढलेले असेल आणि माणूस त्याच मजल्यावरून पडला असेल, तर पोलिसांच्या हाती एक तारीख आणि दोन सह्या येतात. खासगी प्रकल्पांत मोजमाप पुस्तकाऐवजी महारेरा आहे. विकासक दर तिमाहीला प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर भरतातच. त्यात त्या तीन महिन्यांतले अपघात, मृत्यू आणि सुरक्षेवरचा खर्च असे तीन रकाने वाढवले, तर घर घेणाऱ्यालाही ते दिसतील. कारखान्यांतल्या मृत्यूंची आकडेवारी दर वर्षी गोळा होते, बांधकामावरच्या मृत्यूंची देशभराची तशी भरवशाची मोजदाद आजही नाही. हे रकाने निदान या राज्यापुरती सुरुवात करून देतील. आणि सरकारी कामांसाठी तर विधिमंडळात जायचीही गरज नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची वेळोवेळी सुधारली जाते. तिच्यात सुरक्षेच्या बाबींचे एक प्रकरण घालायचे आणि त्या बाबींवर बिलो दर चालणार नाहीत असा शासन निर्णय काढायचा, एवढे काम मंत्रालयातल्या एका विभागाच्या अखत्यारीतले आहे.